पत्ते शंकरकाकाचे, पाय दादाचा

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. असल्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्यांचा मला रागच येतो. पण परवा नातू म्हणाला, एका सिस्टीमचा प्रोग्राम दुसरीवर चालवायचा तर मध्ये एक थर घालतात, म्हणजे प्रोग्रामला वाटतं आपण घरीच आहोत... आणि माझ्या अंगावर काटा आला. हाच उद्योग आम्ही साठच्या दशकाच्या सुरुवातीला नंदुरबारात केला होता. कॉम्प्युटरवर नाही, हातमागावर.

तेव्हा साडीच्या काठाची नक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर असायची. पत्त्यांची माळ मागाच्या माथ्यावरच्या जकार्ड यंत्रावर चढवायची. जिथे भोक, तिथला धागा वर. आमच्या गल्लीतल्या शंकरकाकासारखा मोराचा काठ कुणाला जमत नसे. माझा थोरला भाऊ, दादा, आणि हा काका यांचं हाडवैर. काका डाव्या पायाने लंगडायचा. पायडल तीनदा दाबलं की चौथ्याला थबकायचा. दादा त्याची नक्कल करून आम्हाला हसवायचा.

काका वारला. सुतकात माग बंद, तेराव्यापर्यंत त्याला कुणी शिवत नाही, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी मात्र तिसऱ्याच दिवशी, सगळे अस्थी सावडायला गेलेले असताना, त्याचे पत्ते उचलून आणले. दादाने सांगितलं नव्हतं — माझीच अक्कल.

काकाचं जकार्ड वेगळं, पत्त्यांवरची भोकं जास्त दाट. आमच्या मागाला पत्ते बसेनात. दादाने मध्ये तारांची एक फळी बसवली. एका बाजूला काकाच्या मापाच्या सुया, दुसऱ्या बाजूला आमचे हूक. भर दुपारी माग सुरू झाला. मोर उमटायला लागला!

मग ऐकू आलं... खट्, खट्, खट् — थांब. खट्, खट्, खट् — थांब.

"दादा, नक्कल बंद कर!" मी ओरडलो.

"मी नही करी ऱ्हायनू," दादा घामाने निथळत होता. "पायच आपोआप थांबी ऱ्हायना. काढ त्या पत्ता, काढ!"

मी माळेची दोरी कापली. दादा उठला तो डावा पाय ओढतच. डॉक्टरांना ना हाडात काही सापडलं, ना शिरेत.

माफी मागितली तर पाय सुटेल, या आशेने मी पत्ते परत द्यायला शंकरकाकाच्या बायकोकडे गेलो. काकू दार अडवून उभी राहिली.

"मन्हा घरमा नको आनू," ती म्हणाली. "हाई माळ सुरतथीन येवाना आगोदर तुना काका बी सरळच चालेत."

प्रकाशा गावी जाऊन मी पत्ते तापीत बुडवले. काही फरक पडला नाही. दादाचा माग सुटला, धंदा गेला, आणि माझ्याशी बोलणंही. ती माळ आधी कुणाच्या मागावर होती, हे विचारत मी दोनदा सुरतेला जाऊन आलो. कुणालाच माहीत नव्हतं. मलाही आजपर्यंत काही कळलेलं नाही.

दादाच्या शेवटच्या आजारपणात मी त्याचे पाय चेपायला बसलो होतो. त्याने डावा पाय पांघरुणात ओढून घेतला.