बेलमधल्या मुंग्या

माझा धाकटा भाऊ बसवर कंडक्टर होता. अजिंठ्याची फेरी संपवून तो दुपारी तीनच्या सुमारास हर्सूलच्या आमच्या घरी यायचा आणि दाराची बेल दोनदा वाजवायचा, गाडी सोडताना देतात तशी. आई आतून ओरडायची, "आले, आले, थांब जरा!" काविळीनं तो आठ दिवसांत गेला. तीस वर्षांचाही नव्हता.

महिनाभरानं, एका दुपारी बेल वाजली. थांबून पुन्हा वाजली. मी भांडी घासत होते. माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. आई उठली, पदर सावरला आणि जाऊन दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. रस्ताही रिकामा होता.

मग असं वरचेवर व्हायला लागलं. कधी एकदा, कधी दोनदा. मला दुपारी घरात बसवेना.

शेवटी मी शेजारच्या वायरमनला बोलावलं. त्यानं बेलचं बटण उघडलं आणि मला जवळ बोलावलं. आत पितळी पट्ट्यांमध्ये मेलेल्या मुंग्या गच्च भरल्या होत्या, करपून काळ्या झालेल्या. त्यांच्यावरून जिवंत मुंग्या चढत होत्या. दोन हातांवर तुळशीपाशी साखर सांडलेली होती, तिकडं एकही नव्हती.

"ताई, यांना करंटची काय ओढ असते, कळत नाय," तो म्हणाला. "एक चिकटून मेली की तिच्या वासानं बाकीच्या येतात म्हणं. त्यांच्यामुळंच वाजती."

त्यानं सगळं झाडून काढलं, कडेनं रॉकेल लावलं. आई उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती.

बेल थांबली. आईही थांबली. दुपारभर भिंतीकडं तोंड करून पडून राहायची, चहालाही उठायची नाही.

आठवड्यानं मी सकाळची शाळा शिकवून परतले, तर आई स्टुलावर चढून साबणाच्या फडक्यानं बटणाची कड पुसत होती.

"माय, काय करतीस?"

"रॉकेलचा वास जाईना. त्या कशा येतील?"

"अगं, मुंग्या हायत त्या."

"ठावं हाय मला. मी काय येडी नाय." ती खाली उतरली. "वाजलं की उठावं लागतं, बाई. उठलं की मंग चूल पेटवते, दोन घास खाते. नायतर कशापायी उठू?"

मी तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि उरलेली कड पुसली.

दहा-बारा दिवसांत मुंग्यांची रांग लागली, बेल पुन्हा वाजायला लागली. आई त्यानंतर चार वर्षं जगली, आणि प्रत्येक वेळी दार उघडायला तीच गेली. ती गेल्यावर मी बेल काढून टाकली. आता मुंग्या मीटरच्या डब्यात शिरतात. मी त्यांना मारत नाही. पण दुपारी त्यांची रांग दिसली की मला घरात बसवत नाही; चपला घालून बाहेर पडते, आणि ऊन उतरेपर्यंत हर्सूलच्या तलावाकाठी बसून राहते.