अण्णांचं साडेअकराशे

सोमवारी धाराशिवला गेले होते... मदरबोर्ड आणायला! कळंबला घरच्या घरी मी लग्नपत्रिका डिझाइन करते, अन् माझा म्हातारा कॉम्प्युटर दोन फोटो उघडले की मान टाकायचा. त्यात शेजारच्या काकूंच्या मुलीची पत्रिका मंगळवारी संध्याकाळी प्रेसला द्यायची होती, माझं पहिलं मोठं काम.

नवा कॉम्प्युटर झेपणारा नव्हता. म्हणून ठरवलं, प्रोसेसर जुनाच ठेवायचा, बोर्ड तेवढा जास्त रॅम मावणारा घ्यायचा. कॅबिनेटमध्ये बसेल का ते शिवणाच्या टेपनं मोजलं, रॅम कुठली चालते ते पाठ केलं. लई हुशार ना मी!

दुकानदारानं विचारलं, "ताई, सॉकेट कुठलं?" झालं... प्रोसेसर ज्यात बसतो त्या सॉकेटचा नंबर बघायचाच राहिला होता. तो जुळला नाही तर सगळं मुसळ केरात!

घरी सासऱ्यांना फोन लावला. आमच्या अण्णांचा उभा जन्म धान्याच्या मोंढ्यात आडत करण्यात गेला. त्यांनी चष्मा लावून उघड्या बोर्डावरचा आकडा वाचला अन् सौदा पुकारावा तसे ओरडले, "साडेअकराशे!" दुकानदारालासुद्धा ऐकू गेलं.

घरी येऊन बसवायला घेतलं तर प्रोसेसर बसेना. त्याच्या कडेचे कट एकीकडं, नव्या सॉकेटचे दुसरीकडं... जोर लावला असता तर पिना वाकल्या असत्या. जुना बोर्ड डोळ्यांजवळ धरून बघितला. अकराशे पंचावन्न!

"अण्णा, हे पंचावन्न आहे की हो!"

"व्हय, मग? सौद्यात वरचे पाच कोण धरतंय?"

हसावं का रडावं कळेना. जुना बोर्ड परत जोडून बघितला तर तोही रुसला, अन् बिलावर छापलेलं, 'उघडलेला माल परत घेतला जाणार नाही.' माझं फुगलेलं तोंड अण्णांना दिसलं असणारच.

सकाळी बघते तर बोर्डाचा खोका गायब अन् अण्णाही गायब. गेले होते पहिल्या एसटीनं धाराशिवला!

अकराच्या सुमारास दुकानदाराचा फोन आला. "ताई, बोर्ड बदलून दिलाय. आम्ही घेत नसतो परत... पण तुमचे सासरे भरल्या दुकानात हात जोडून म्हणाले, 'सुनेची चूक न्हाय, म्याच तिला चुकीचं सांगितलं. तिचं काम अडू देऊ नका.'"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मोंढ्यात ज्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे, त्या अण्णांनी माझ्यासाठी हात जोडले...

पत्रिका वेळेत गेली. काकू खूश, कॉम्प्युटर आता नुसता पळतोय.

घरात बसून करते म्हणून आजवर सगळे याला माझा टाइमपास म्हणायचे. अण्णांनी परगावच्या दुकानात, चारचौघांत त्याला 'काम' म्हटलं... थँक्यू अण्णा!