आत एकालाच सोडतात

जावई होणं ही फार एकाकी गोष्ट आहे, हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. सासुरवाडीत आपल्याला सगळं मिळतं. पहिला चहा, पंख्याखालची खुर्ची, सुरमईचा मधला तुकडा. फक्त काम मिळत नाही. पाण्याचा तांब्या उचलायला गेलं तरी कुणीतरी धावत येतं आणि "अहो, तुम्ही कशाला?" म्हणून हातातून काढून घेतं. चौलला माझ्या सासऱ्यांची नारळी-पोफळीची वाडी आहे. मी माणगावकडच्या भातशेतीच्या घरातला, हाताला काम असलं की माझं डोकं ठिकाणावर राहतं. त्या वाडीत मला आजतागायत कुणी एक झावळी ओढू दिलेली नाही.

बायकोला याची गंमत वाटायची. मुंबईत आमच्या भाड्याच्या खोलीत ती मला सरळ 'अरे' म्हणायची. चौलचं फाटक ओलांडलं की तिचं 'अहो' सुरू व्हायचं, आणि मी तिचाही पाहुणा होऊन बसायचो. मी चिडलो की ती म्हणायची, मान मिळतोय तर घे की मुकाट्याने.

तिला दिवस गेले तेव्हा तिला एकाच गोष्टीची धास्ती होती. कळांची नव्हे, कळा एकटीने सोसायची. "दुखू दे," ती म्हणायची, "पण तू तिथे पाहिजेस." शक्यतो ऑपरेशन नको, टोचाटोची नको, जसं होतं तसं होऊ दे, हे तिचं ठरलेलं होतं. म्हणून रविवारी सकाळी आम्ही एका डॉक्टरबाईंच्या वर्गाला जायचो. चटईवर पोटुशा बायका आणि त्यांच्यामागे अवघडलेले नवरे. कळ आली की कमरेच्या खाली तळहाताने कसं दाबायचं, श्वास कसा मोजायचा, कुठे बोलायचं आणि कुठे तोंड बंद ठेवायचं, असं सगळं शिकवत. शाळेत मी कधी पहिल्या बाकावर बसलो नाही, इथे मात्र बसलो. घरी रोज संध्याकाळी सराव. बायको म्हणायची, बाळ यायच्या आधी तू माझी कंबर झिजवून ठेवशील.

पहिलं बाळंतपण माहेरी, यावर चर्चाच नव्हती. सातवा महिना सरल्यावर ती चौलला गेली आणि मी दर शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडून तिकडे जायला लागलो. निरोप घेताना दर वेळी ती विचारायची, "आत असशील ना?" मी म्हणायचो, असेन. मुंबईला परतताना लाँचच्या कठड्याशी उभं राहून मी श्वास मोजायचा सराव करत असे. एकदा शेजारच्या बाईने मला लिंबू काढून दिलं. तिला वाटलं मला लाँच लागते.

दिवाळीनंतर मी रजा घेऊन गेलो होतो तेव्हाच एका सकाळी कळा सुरू झाल्या. सासऱ्यांनी गाडी बोलावली. अलिबागच्या त्या लहानशा हॉस्पिटलमधल्या वयस्क डॉक्टरबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "सगळं छान आहे, पण वेळ लागेल. घाई करायची नाही." दुपारपर्यंत आम्ही दोघं बाहेरच्या लांब व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होतो. कळ आली की ती भिंतीला हात टेकायची आणि मी कमरेवर दाबायचो. "खाली. अजून खाली. हं." तेवढे तास मी त्या घरचा जावई नव्हतो. इतका उपयोगी मी त्या कुटुंबाला त्याआधी कधी पडलो नव्हतो, नंतरही नाही.

मग पाणमोट फुटली. सिस्टर तिला धरून लेबर रूममध्ये घेऊन गेली आणि दारातून वळून म्हणाली, "आत एकालाच सोडतात. कोण येतंय?"

माझ्या शेजारी सासूबाई उभ्या होत्या. हातात दुपट्यांची पिशवी. गेले दोन महिने त्या लेकीच्या मागेपुढे करत होत्या. गाव त्यांचं, डॉक्टर त्यांच्या ओळखीच्या, लेक त्यांची. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. आणि माझ्या तोंडून गेलं, "आई, तुम्ही जा ना."

"छे, छे, तुम्हीच जा," त्या म्हणाल्या.

"नाही, तुम्ही."

पंगतीत वाढप्याला 'नको, नको' म्हणतात आणि पान मात्र पुढेच असतं, तसं ते मला वाटलं. त्यांना जायचंय आणि माझा मान ठेवून नाही म्हणताहेत, अशी माझी समजूत. पुढे कळलं, त्यांची समजूत नेमकी तीच होती, माझ्याबद्दल. त्या आत गेल्या. मी मनाशी म्हटलं, थोड्या वेळाने बदलून घेऊ.

बाहेर सासऱ्यांनी माझ्यासाठी खुर्ची आणली. मग चहा. मग कुठूनसा वर्तमानपत्राचा कागद आणि त्यात बटाटेवडे. "खाऊन घ्या हो, तुमचं उपाशी राहून काय होणार आहे?" मी खाल्ले. बायकोचा आवाज दारातून येत होता आणि मी बटाटेवडा खात होतो, आणि मला स्वतःची चीड येत होती. प्रत्येक कळेला माझा उजवा तळहात आपोआप मांडीवर दाबला जायचा. आत तिच्या कमरेवर कुणी नीट दाबतंय का, खाली, अजून खाली, हे सासूबाईंना माहीत आहे का? दार ठोठावून 'आई, आता मी येतो' एवढं म्हणायचं होतं. पण सासूला बाहेर ये म्हणणारा जावई आमच्याकडे अजून जन्मायचाय.

तेवढ्यात गावाहून माझ्या आईचा फोन आला. तिकडे भातकापणी चालली होती, मागे बायकांचे आवाज ऐकू येत होते.

"बाईमानूस हाय ना कुनी तिच्याजवळ?"

"हाय. तिची आई हाय."

"मग झालं तर. तुजं काय काम थितं? दोन घास खाऊन घे."

फोन ठेवला आणि मला वाटलं, जगातल्या सगळ्यांचं माझ्याबद्दल एकमत आहे. दोन घास खाऊन घे.

सासरे पेढ्यांची चौकशी करायला बाजारात गेले आणि थोड्याच वेळात लेबर रूमचं दार उघडलं. सासूबाई बाहेर आल्या. चेहरा पांढराफटक. भिंत धरून त्या खालीच बसल्या. मी धावलो तर त्यांनी माझा हात घट्ट पकडला.

"माझ्याच्यानं नाही बघवत हो. पोटची पोर आहे. मला घेरी येतेय. तुम्ही जा." मी उठलो, तरी त्यांनी हात सोडला नाही. "तिला सांगू नका मी बाहेर आले ते. ती सारखी 'आई, जाऊ नको' म्हणतेय. नाही ना सांगणार?"

मी म्हटलं, नाही सांगणार. त्या क्षणी मी काहीही कबूल केलं असतं.

आत डॉक्टरबाईंनी भुवया वर केल्या, पण अडवलं नाही. तिथल्या मावशींनी मला टेबलाच्या मागे, तिच्या डोक्याशी उभं केलं आणि माझ्या कानाशी कुजबुजल्या, "दादा, हितं रव्हा. आनि बोलू नका. तिला आता बाईंचा आवाज ऐकू द्या." बायकोचे डोळे गच्च मिटलेले होते. केस कपाळाला चिकटले होते. कळ ओसरली तशी ती हात वर करून मागे चाचपू लागली. मी हात दिला. तिने तो धरला, बोटं मोडतील इतका घट्ट, आणि म्हणाली, "आई, जाऊ नकोस गं."

'मी आहे' हे दोन शब्द माझ्या जिभेवर होते. दर शनिवारी त्याच दोन शब्दांसाठी मी लाँचचे हेलपाटे घातले होते. पण ते बोललो असतो तर तिला कळलं असतं की आई गेली. नुकती जरा लय सापडली होती तिला. डॉक्टरबाई 'हं, असंच, असंच' म्हणत होत्या. मी बोललो नाही. नुसता हात दाबला. कंबर, श्वास, मोजणी, वर्गात शिकलेलं काहीच लागलं नाही. मी फक्त एक हात होतो, आणि तोही दुसऱ्या कुणाचा.

मग सगळं फार झपाट्याने झालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, डोकं दिसतंय, आता एकच जोर. बायको ओरडली, आणि बाळ आलं. ओलं, निळसर, हातापायांची घडी केलेलं. बायकोचे डोळे मिटलेलेच होते. डॉक्टरबाई खाली बघत होत्या, मावशी कापड घ्यायला वळल्या होत्या. माझ्या मुलीने डोळे किलकिले केले ते थेट माझ्या दिशेने. तिला काही दिसत नसणार, हे मलाही कळतं. पण मी तिला पाहिलं. मग ती रडली आणि मीही रडलो, आवाज न करता. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आनंद झाला आणि त्या खोलीत माझ्याकडे बघणारं कुणी नव्हतं.

"दादा, चला आता बाहेर, टाके घालायचेत," असं हळूच म्हणत मावशींनी मला दाराकडे ढकललंच. दारात सासूबाई तोंड धुऊन, पदर नीट करून उभ्या होत्या. मी बाहेर आलो, त्या आत गेल्या. बायकोने डोळे उघडले तेव्हा समोर तिची आई होती.

संध्याकाळी खाटेजवळ गेलो. ती थकलेली, पण चेहऱ्यावर इतकं समाधान की मी बघतच राहिलो. बाळ कुशीत. "आई होती शेवटपर्यंत," ती म्हणाली. "हात सोडला नाही तिने." सासूबाई पायाशी दुपटी घड्या करत होत्या. त्यांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर मी अजून विसरलो नाही.

"हो," मी म्हणालो, "त्या होत्या म्हणून बरं झालं."

"तू का नाही आलास?" आईसमोर ती मला पहिल्यांदाच 'तू' म्हणाली.

"एकालाच सोडतात ना."

 ती बाळाचं टोपडं सारखं करत राहिली.

पुढे तिने त्याची थट्टा करून टाकली. मित्रमंडळी जमली की सांगायची, "आमचे हे, वर्गात पहिला नंबर आणि परीक्षेला गैरहजर!" सगळे हसायचे, मीही हसायचो. सासूबाई तिथे असल्या तर काहीतरी आणायला उठून आत जायच्या. माझ्याशी त्या आणखीनच आदराने वागू लागल्या. वाडीतले उत्तम नारळ सोलून माझ्या पिशवीत, वालाचं बिरडं खास माझ्यासाठी. एकदा त्या विहिरीपाशी सुपाऱ्या वाळत घालत होत्या. मी जवळ गेलो तर मान वर न करता म्हणाल्या, "त्या दिवसाचं तिला एकदा सांगून टाकावं म्हणते मी."

त्या वेळी गप्प बसायला हवं होतं मला. पण सवय वाईट. त्यांचा कापरा आवाज मला ऐकवेना. "राहू द्या हो आई, एवढं काय त्यात," असं मी म्हणून बसलो. त्यांनी मान हलवली आणि सुपाऱ्या पसरत राहिल्या.

गेल्या वर्षी त्या गेल्या. आजारपण छोटंसंच झालं, कुणाला फारसं काही करता आलं नाही. बायको कोसळली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच सांगायची, की माझ्या सगळ्यात कठीण वेळेला आईचा हात माझ्या हातात होता, तिच्या शेवटच्या वेळेला मी पोचले नाही. हे ऐकताना मी चहाचे कप उचलून न्यायचो. त्या घरात मला अखेर काम मिळालं होतं, पण आता कौतुक कुणाला होतं! रात्र-रात्र ती त्या आठवणीला धरून असायची. ती मी कशी काढून घेणार?

वर्षश्राद्धाला आम्ही चौलला गेलो. जेवणं उरकली, पाहुणे पांगले. ओटीवर मुलगी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती आणि आजीचं सांग म्हणून मागे लागली होती. बायकोने तिच्या जन्माची गोष्ट सांगितली. पूर्ण सांगितली, आजीच्या हातासकट.

"आणि बाबा?" मुलीने विचारलं.

या वेळी थट्टा झाली नाही. बायकोने हात लांब करून माझ्या पाठीवर ठेवला. "त्यांना यायचं होतं गं खूप. आत येताच आलं नाही. त्यांची काही चूक नाही त्यात." मला न सांगता, मी न मागता, तिने मला कधीतरी माफ करून टाकलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण तिचा हात पाठीवर असताना मला जितकं एकटं वाटलं तितकं त्या व्हरांड्यातही वाटलं नव्हतं.

मुलगी उठून बसली. तिला काहीतरी नवीनच सुचलं होतं.

"बाबा, मग मला सगळ्यांत पहिल्यांदा कुणी बघितलं?"

"आजीने," मी म्हणालो.