पुसायचं राहिलेलं पान

चष्मेवाल्यांचा हात स्वस्थ बसेल तर शपथ! दुकान मुलाच्या हवाली केलं, तरी खिशातलं मऊ फडकं काही सुटलं नव्हतं. पाहुणा टेकतो न टेकतो तोच हे त्याच्या नाकावरचा चष्मा काढून घेणार, काचा लख्ख करून परत चढवणार. बायकोशी उभा जन्म भांडण तेही यावरूनच. तिचे हात सदा मातीने भरलेले आणि चष्म्यावर बोटांचे ठसे.

ती वारली तेव्हापासून तर घर त्यांना खायला उठायचं. नळ नीट बंद आहे ना बघ, खिडकीची काच पूस, पुन्हा जाऊन नळ बघ. अशात एका सकाळी तिच्या लाडक्या कुंडीतली दोन जाड, गुबगुबीत पानं गळून पडलेली दिसली. उरलेल्या पानांवर पांढरट थर. तिच्या हातचं एवढंच तर जिवंत उरलं होतं. ही कीडच, असं ठरवून त्यांनी फडकं काढलं आणि पान न् पान घासून हिरवंगार केलं.

दुसऱ्या दिवशी आणखी एक पान गळलं. मग मात्र त्यांनी बायकोच्या धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं.

"अहो भावोजी, हे काय करून बसलात!" मेहुणीने कपाळावर हात मारला. "ती भुकटी झाडाची स्वतःची असते, ऊन सोसायला. एकदा पुसली की त्या पानावर परत धरत नाही. आणि ताईच्या बोटांचे ठसे होते की त्यावर, मागल्या खेपेला मी पाहिले होते! दिसले नाहीत?"

"दिसले," चष्मेवाले म्हणाले. "म्हणून तर जोर लावून पुसले."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं आपण काय केलं ते. मेहुणीने वाकून पानांच्या बेचक्यातले कापसासारखे बारीक पुंजके दाखवले. "खरी कीड ही. पिठ्या ढेकूण. रस शोषतात मेले. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपायचे, आठवड्याने पुन्हा. आणि पाणी जरा बेताने घाला."

हाताला काम मिळालं. दुकानातलं भिंग डोळ्याला लावून ते एकेक बेचकं टिपत खाली आले. अगदी तळाशी, कुंडीच्या काठाआड एक पान फडक्यातून सुटलं होतं. त्यावर भुकटी शाबूत होती, भुकटीत अंगठ्याचा ठसा, आणि ठशाला लागूनच तसलाच किडीचा पुंजका.

"थेंबभर स्पिरिट लावा, निघेल," मेहुणी म्हणाली.

स्पिरिट पसरलं की ठसाही जाणार. चष्मेवाल्यांनी कापूस बाजूला ठेवला आणि चष्म्याचे स्क्रू उचलायचा चिमटा आणला. सकाळपासून चुळबुळणारा हात थांबला. श्वास रोखून त्यांनी एकेक किडा वेचून काढला. ठशाची रेघही मोडली नाही.

"एखादं अंडं राहिलं असेल, भावोजी. पुसलेलं बरं."

"राहू दे," ते म्हणाले. "मी रोज बघेन."