मंगलच्या किल्ल्यावरची बाग

सांगलीच्या दवाखान्यातून अशोकरावांचा फोन आला. माझ्या धाकट्या बहिणीचा, मंगलचा नवरा. फौजेत आयुष्य काढलेला माणूस, कधी रडला नाही. "आक्का, या तुमी," एवढंच म्हणाले… मी काय ते ओळखलं. तरी मेली आशा अशी चिवट, की निघताना तिच्यासाठी मऊ भाताचा डबा पिशवीत घातलाच.

मंगलच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. एक दिवसाआड डायलिसिस, आणि पाणी मोजून-मापून, घोट-घोट. दर वर्षी दिवाळीच्या आधी ती सगळ्यांना गाडीत कोंबून एक गड आणि एक बाग बघायला न्यायची. गडावरची मूठभर माती दुष्काळी आटपाडीच्या घरी आणून दिवाळीच्या किल्ल्यात मिसळायची. पोरं मोठी होऊन पुण्याला गेली, तरी ही बाई अंगणात चिखल कालवत बसायची. वर अळीव पेरायची, ती तिची बाग. आम्ही लय चेष्टा करायचो, तिला काही फरक पडायचा नाही.

यंदा डॉक्टर नको म्हणाले. ती हट्टाला पेटली. "मधला एक दिस माजा हाय, आक्का. त्यो बी दवाखान्याला दिऊ?" पाटणजवळच्या दातेगडावर गेलो. अशोकरावांनी तिला पाठीवर घेतलं. तिथली विहीर खडकात खोल खोदलेली. पायऱ्यांवर बसून ती पाण्याकडे नुसती बघत राहिली, ओठ फुटलेले… मग म्हणाली, "एक बाटली भरून आन."

मी बाटली भरली, पण तिच्या हातात दिली नाही. "मंगे, प्यायचं न्हाई."

"पीत न्हाई गं बाई. बागंला हाय."

विश्वास कोण ठेवणार? पुढे कोयनेच्या बागेत सगळीकडे हिरवंगार, आणि मी बाटली पदराखाली धरून बसलेली. जन्मभर पाण्यासाठी वणवण केलेल्या आम्ही बहिणी, आणि आता पाणी हातात असून तिच्यापासून लपवायचं. देवाचा असा राग आला त्या दिवशी… अजून गेलेला नाही. परतताना ती झोपेत ओठ चाटत होती.

घरी तेच पाणी घालून तिनं चिखल मळला, किल्ला केला. थेंब तोंडात घेतला नाही. अळीव उगवले आणि चार दिवसांत सांगलीहून तो फोन आला, ती गेली.

तुळशीचं लग्न झालं की किल्ला मोडायचा, ही आमच्याकडची रीत. यंदा कुणाचा हात धजला नाही. परवा मी त्यांच्या घरी गेले, तर अशोकराव तांब्या घेऊन किल्ल्यापाशी उकिडवे बसलेले. "पानी घातलं तर बुरूज ढासळतोय, आक्का. न्हाई घातलं तर बाग वाळतीया. काय करू सांगा."

मी त्यांच्या हातातला तांब्या घेतला, बोट बुडवलं आणि एकेका रोपाला थेंब लावत गेले, शेवटी-शेवटी तिच्या ओठांना लावायचे तसा… तरी माती सुटतच होती.