अप्पा अकरालाच निघाले होते

हे आत्ताच सांगायला हवं, नाहीतर डोकं फुटेल माझं. दवाखान्याच्या बाकावर बसून टाइप करतेय.

महिनाभर जिना चढताना अप्पांच्या छातीत दुखत होतं. हृदयाच्या डॉक्टरांची वेळ मिळायची ती फक्त बुधवारी, साडेबाराची. आणि बुधवारी बारा ते दीड राहुकाळ, म्हणजे निघायला अशुभ वेळ! दोनदा अप्पांनी जाणंच टाळलं. छातीची भीती नाही, घड्याळाची भीती. रिटायर्ड इंजिनीअर बरं का!

म्हणून आज आईने जुना उपाय काढला, प्रस्थान. म्हणजे सोबत न्यायची एखादी वस्तू चांगल्या वेळी शेजारी नेऊन ठेवायची, की आपण तेव्हाच निघालो असं धरतात. अकरा वाजता ती समोरच्या मामींकडे पिशवी ठेवून आली.

"अहो, तुम्ही निघालात."

खुर्चीत पेपर वाचणारे अप्पा म्हणाले, "हो का? पोचलो की सांग."

बाराला पिशवी घ्यायला गेलो, तर मामींच्या दाराला कुलूप! फोन केला, तर मामी पापनाशम गावाला जाणाऱ्या बसमध्ये. आणि पिशवीत काय, तर अप्पांची फाईल! रिपोर्ट, गोळ्यांची यादी, सगळं त्यातच.

"बघ, राहुकाळ!" म्हणत अप्पा घराकडे वळले.

"अर्ध्या वाटेतून परतता? अकराला निघालेला माणूस?" आई कडाडली. "ते तर त्याहून वाईट!"

अप्पा गुपचूप स्कूटरवर बसले. मी, अप्पा, मागे आई. तिघं, एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही. त्याला कुणीच अशुभ म्हटलं नाही. मीसुद्धा!

"गोळ्या कुठल्या घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक पांढरी, एक पिवळी."

डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि तिथेच दाखल करून घेतलं. "अजून आठवडा थांबला असता तर..." एवढंच म्हणाले. मग विचारलं, "आलात कशाने?" मी सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

आता अप्पा आत झोपलेत, मामी कुलूप उघडून पिशवी द्यायला परत निघाल्यात. मागच्या आठवड्यात कॉलेजात संस्कृतीची व्याख्या लिहायची होती. मी लिहिलं होतं, भाषा, सण, जेवण. कोण कशाला घाबरतं हे लिहायचं राहिलंच की! प्रस्थानाने फाईल अडकवली, पण अप्पांना इथवर आणलंही त्यानेच. मग मी चिडू कुणावर?

तुमच्याकडे झालंय का असं? भलत्यालाच घाबरलात, आणि वाचलातही त्याच्यामुळेच? सांगा ना!