पदर दातात धरून

वडूजच्या स्टँडवर स्वारगेटची गाडी लागली होती. ड्रायव्हर चहाला गेला होता आणि मी खिडकीत बसून, खाली उभ्या असलेल्या आईचं चित्र काढायला वही उघडली. तिच्या ते लगेच लक्षात आलं. ती सरकून गाडीच्या मागच्या बाजूला गेली. मी मागच्या काचेशी गेलो, तर ती पुन्हा पुढं. दोन-तीनदा असं झालं. गाडी सुटायची वेळ झाली तेव्हा कुठं ती खिडकीखाली आली आणि म्हणाली, "माजं चित्र काडायचं आसंल तर हलतं काड. भिताडावर टांगायचं न्हाई."

माझ्यासारखंच गाव सोडून गेलेल्या मित्रांनो, तुमच्या आया निरोप देताना रडल्या असतील. माझी लपाछपी खेळत होती. तिला तसं कारण होतं, आणि ते कारण म्हणजे मीच होतो.

चित्रकला मला कुणी शिकवली नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मालकांची नावं रंगवता रंगवता हात बसला. मग बाजारपेठेतल्या रसूलचाचांनी बोलावलं. त्यांचं काचा आणि फ्रेमचं दुकान. घरातलं माणूस गेलं की लोक त्यांच्याकडे मोठी तसबीर करून मागायचे. कधी ओळखपत्रावरचा नखाएवढा फोटो असायचा, तेव्हा सोपं होतं. पण जी माणसं जन्मात कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नाहीत, त्यांचं काय? त्यांचे नातेवाईक दुकानात बसून सांगायचे, मी काढायचो. नाक धाकट्यासारखं, रंग थोरलीचा. त्यावरून भाऊ-भाऊ भांडायचे. आणि सगळ्यांचं सांगून संपलं तरी चेहरा अर्धाच झालेला असायचा.

उरलेला अर्धा मी घरून आणायचो. डोळे मिटून काढता येईल असा एकच चेहरा मला पाठ होता, आईचा. त्यामुळे आमच्या तालुक्यात आणि पलीकडे आटपाडीपर्यंत, गेलेल्या कितीतरी बायकांना माझ्या आईच्या भुवया आहेत. पुरुषांना मी रसूलचाचांचे कान दिले. चाचांना ते माहीत होतं आणि ते खूशही होते.

आटपाडीकडच्या एका गावातून हौसाअक्का आल्या. साठी ओलांडलेल्या. त्या अंगावर पीत होत्या तेव्हाच त्यांची आई गेली होती, त्यामुळे आईचा चेहरा कसा होता हे त्यांना ठाऊकच नव्हतं. सोबत त्यांचे थकलेले मामा होते. मामांनी बहिणीच्या तीनच गोष्टी सांगितल्या: कपाळ रुंद, खालचा ओठ जाड, हनुवटीवर गोंदण. मग म्हणाले, "आनि चालायची लय झपाट्यानं. पदर दातात धरून. ते कसं काडशीला, पेंटर?"

ते चित्रात येत नाही, मी म्हणालो. गोंदण काढलं, ओठ जाड केला आणि बाकीची सगळी माझी आई उतरवली. अक्कांनी तसबीर पाहिली आणि काचेवर कपाळ टेकवून बराच वेळ तशाच राहिल्या. मला वाटलं, काय आपला हात आहे! आता ते आठवलं की लाज वाटते.

पुढं त्याच गावात आई एका बारशाला गेली. ऊन लागलं म्हणून एका घरी पाणी प्यायला टेकली, तर समोर भिंतीवर ती स्वतः. वर चंदनाचा हार, काचेवर कुंकू. तिनं पाणी पिऊन भांडं पालथं घातलं आणि थेट घर गाठलं. "जित्तेपनी हार घातलास व्हय रं मला?" मी हसलो. तेच चुकलं. तिची समजूत काढायला मग सगळी गोष्ट सांगितली: अक्का, मामा, ते झपाट्याचं चालणं, दातातला पदर. "पदर दातात?" एवढं विचारून ती आत गेली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्यानंतर तिनं कधी माझ्या हातात पेन्सिल असताना समोर बसायचं नाव काढलं नाही.

मोबाईल आले आणि अंदाजानं काढलेल्या चेहऱ्यांची गरज संपली. दोष कुणाचा नाही. मी पुण्यामार्गे मुंबईला आलो आणि गोरेगावात एका सेटवर आर्ट डिपार्टमेंटला लागलो. प्लायवूडच्या कोऱ्या भिंती चाळीस वर्षं जुन्या करायच्या, हे माझं काम. चुलीच्या वरचा धूर माझ्यासारखा कुणाला जमत नसे. ते धुराचे डाग बघत मी मोठा झालो होतो, त्यात माझी काय कर्तबगारी.

एकदा डायरेक्टरला हिरोच्या मेलेल्या आईची तसबीर हवी होती, हार घालून. मी काढली. पण या वेळी हात घराकडे जायला तयार नव्हता, म्हणून कुणाचीच नसलेली बाई काढली. डायरेक्टर म्हणाला, हिच्यात जीव नाही. खरंच होतं ते. त्या दिवशी मला मामांचा प्रश्न आठवला आणि मी कॅमेऱ्याच्या आसपास घुटमळायला लागलो. पेट्या वाहणाऱ्या माणसाकडून लेन्स शिकलो, जुन्या लॅपटॉपवर एडिटिंग शिकलो, आणि चुकत चुकत पहिली फिल्म लिहिली. शेरडं घेऊन माळावर जाणारी बाई, एवढीच गोष्ट.

ती बाई तू होशील का, असं मी आईला भीतभीत विचारलं. ती लगेच म्हणाली, "हलतं हाय न्हवं? मग काड."

सकाळी माळावर मी ॲक्शन म्हणालो आणि आईनं पदर दातात धरला. अशी झपाट्यानं निघाली की कॅमेरामन धावायला लागला, शेरडं मागं राहिली. तिचे गुडघे दुखतात. असं चालताना मी तिला कधीच पाहिलं नव्हतं. वाटलं, वारं असेल.

फिल्म गावातल्या शाळेत दाखवली, भर दुपारी, खिडक्यांना ताडपत्र्या लावून. आजूबाजूच्या गावांतूनही माणसं आली. हौसाअक्काही आल्या, नातवाच्या गाडीवर बसून. आईचं चालणं पडद्यावर आलं आणि अक्का उठून उभ्या राहिल्या.

"मामा सांगायचा तशीच," त्या म्हणाल्या. "आमची आई चालली बगा."

कुणी हसलं नाही. मला वाटलं, आता खरं सांगून टाकावं. पण आईनं लांबूनच मान हलवली. ती उठून अक्कांशेजारी जाऊन बसली. तो तुकडा अक्कांनी तीनदा लावायला सांगितला. मग वळून आईच्या हनुवटीला हात लावला. "तुमचं तोंड बी तसंच हाय."

"आसंल की," आई म्हणाली.

माणसं पांगल्यावर मी तिला विचारलं, मुद्दाम केलंस का? ती चटया गोळा करत होती. "तोंड माजं दिलंस तू तिच्या आईला, मला न इचारता," ती म्हणाली. "चालायचं तेवढं ऱ्हायलं हुतं. ते म्या दिलं."

अक्का गेल्या, म्हणून आता हे लिहितोय. त्या दिवशी मला आईचा फार अभिमान वाटला. खरं सांगायचं तर थोडं नागवल्यासारखंही वाटलं. एवढी वर्षं जिच्या मागं लागलो, तिची एकुलती एक फिल्म झाली आणि तीत ती दुसऱ्याच्या आईचं चालणं चालली.

पण कॅमेरामन नवखा होता. कट म्हटल्यावर कॅमेरा बंद करायला विसरला. ते फुटेज माझ्या लॅपटॉपवर आहे, कुणाला दाखवलेलं नाही. आई थांबते. दातातला पदर सोडते, गुडघ्यावर हात ठेवून दम खाते. मग माझ्याकडे चालत येते, हळूहळू, उजवा पाय जरा ओढत, तिचं स्वतःचं चालणं. बिल्डिंगमधलं कुणी विचारतं, गाव कुठलं तुमचं? मी वडूज सांगतो आणि घरी येऊन ते लावून बघतो. आई चालत चालत इतकी जवळ येते की फोकस जातो, काही दिसत नाही, नुसता आवाज येतो.

"झालं न्हवं तुजं? चल, च्या निवतोय."